फिल्म एडिटिंगचं पहिलं काम आणि त्याची मुलाखत: नाशिकहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास मीडियाचा कोर्स संपवून, यूट्यूब बघून शिकून किंवा लग्नाच्या स्टुडिओत एक-दोन सीझन काढून जे एडिटिंगकडे वळतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ भरपूर मिळतात. पहिल्या मुलाखतीत नेमकं काय होतं ते मात्र कुणी नीट सांगत नाही.

असिस्टंट एडिटरच्या मुलाखतीत माझं एडिटिंग बघतात का?

फारसं नाही, आणि बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. फिल्म किंवा वेबसिरीजवर पहिलं काम मिळतं ते असिस्टंटचं. असिस्टंटने सीन कापायचा नसतो, एडिटरला तो कापता येईल अशी व्यवस्था लावून द्यायची असते. शूटवरून आलेले ड्राइव्ह उतरवून घ्यायचे, प्रॉक्सी (मूळ फुटेजच्या हलक्या प्रती) बनवायच्या, आवाज सिंक करायचा म्हणजे चित्राशी जुळवायचा, रशेसना (शूटवरच्या कच्च्या फुटेजला) नावं द्यायची, एडिटरने मागितलेला टेक क्षणात काढून द्यायचा, आणि कट लॉक म्हणजे पक्का झाला की साउंड, व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) आणि डीआयवाल्यांना (अंतिम रंगकाम करणाऱ्यांना) ज्याला जे लागतं ते त्याच्या पद्धतीने पाठवायचं. सगळ्या युनिटच्या दिवसभराच्या कामाचा खर्च त्या दोन-तीन ड्राइव्हमध्ये असतो. त्यामुळे समोरचा माणूस मुख्यतः दोन गोष्टी चाचपतो: या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात फुटेज सुरक्षित राहील का, आणि काही बिघडलं तर लगेच सांगतील की झाकून ठेवतील.

मग नाशिकमधल्या स्टुडिओत मुलाखत वेगळी असते का?

हो, पूर्ण वेगळी. इथे पहिलं काम बहुधा लग्नाच्या स्टुडिओत, जाहिरात एजन्सीत, एखाद्या यूट्यूब चॅनेलवर नाहीतर अहिराणी अल्बमच्या गाण्यांवर मिळतं. तिथे असिस्टंट वगैरे प्रकार नसतो, पहिल्या दिवसापासून कापायलाच बसवतात. मुलाखतही बोलण्याची कमी आणि मशीनवरची जास्त असते. दोन-तीन कॅमेऱ्यांचं लग्नाचं फुटेज देतात आणि सांगतात, ‘संध्याकाळपर्यंत एक मिनिटाचा टीझर कर.’

त्यात ते काय बघतात? वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचे रंग जुळवलेत का. आवाज सिंक आहे का. घरातली महत्त्वाची माणसं आलीत का. वधूची आई एकदाही दिसली नाही तर तो टीझर पार्टी, म्हणजे लग्नघरची मंडळी, परत पाठवते, मग कट कितीही देखणा असो. आणि विधींचा क्रम. अंतरपाट दूर होण्याआधीच वधूचा समोरून चेहरा दाखवला की तो क्षण तिथेच संपला. मंगलाष्टकांचा शेवट, हातातल्या अक्षता, अंतरपाटाची कड, वाजंत्र्यांचा पहिला ठोका, आणि मग चेहरे. टीझरमध्ये काळ मागेपुढे करायला हरकत नाही, पण तो जाणूनबुजून केलेला दिसला पाहिजे. सप्तपदी आधी आणि कन्यादान नंतर असं नकळत झालं, तर स्टुडिओवाल्याच्या ते पहिल्या मिनिटात लक्षात येतं. स्टुडिओत गुजराती, मारवाडी, मुस्लिम लग्नंही येतात. त्यांचे विधी माहीत नसतील तर क्रम विचारून घ्या, अंदाजाने लावू नका.

२०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने चित्रीकरणाची कामंही निघताहेत. तिथला ठरलेला प्रश्न असतो, ‘दिवसाचं फुटेज रात्रीत कापून सकाळी देशील का?’ नुसतं ‘हो’ म्हणू नका. किती कॅमेरे, किती तासांचं फुटेज, किती मिनिटांचा व्हिडिओ आणि तो कोण पास करणार, हे विचारून मगच उत्तर द्या. असं विचारणारा उमेदवार त्यांना आवडतो.

कोणतं सॉफ्टवेअर आलं पाहिजे?

नाशिकच्या स्टुडिओंसाठी प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्ह. मुंबईत फिल्म आणि सिरीजसाठी अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझर अजूनही मोठ्या प्रमाणावर चालतं. त्याचं मुख्य कारण म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक जण एकाच वेळी काम करू शकतात: एकाने बिन (क्लिपा ठेवायचा फोल्डर) उघडला की तो इतरांसाठी लॉक होतो, बाकीचे तो बघू शकतात, बदलू शकत नाहीत. अ‍ॅव्हिड कधीच उघडलं नसेल तर तसं सांगून टाका. मात्र बिन लॉक म्हणजे काय, अ‍ॅव्हिड आपला मीडिया ‘अ‍ॅव्हिड मीडियाफाइल्स’ फोल्डरमध्ये ठेवतं आणि त्या फोल्डरमध्ये हाताने ढवळाढवळ का करू नये, एवढं वाचून जा.

घरी सरावासाठी रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. आउटपुट ३८४० बाय २१६० पर्यंतच मिळतं, पण सिंक, बिन, एक्सएमएल, एएएफ (कटची माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणाऱ्या फाइली) सगळं शिकता येतं.

टेस्ट देतात का? त्यात नक्की काय असतं?

फिल्मच्या ठिकाणी बऱ्याचदा देतात. एक ड्राइव्ह मिळतो. त्यात एका सीनचं फुटेज: कॅमेऱ्याच्या एक-दोन कार्डांचे फोल्डर, साउंडचा वेगळा फोल्डर आणि सेटवरच्या लॉगशीटची (कोणता टेक कसा झाला त्या नोंदीची) पीडीएफ. दोन-तीन तासांत रशेस सिंक करून, नावं देऊन, ओके टेकचं लाइन-अप, म्हणजे क्रमवार मांडणी, लावून द्यायचं असतं. असं करा:

१. दिलेल्या ड्राइव्हवर काम सुरू करू नका. पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, मग फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे सारखे आहेत का ते बघा. चेकसमने (फाइलीच्या डेटावरून काढलेल्या आकड्याने) पडताळणारं सॉफ्टवेअर उपलब्ध असेल तर त्यानेच कॉपी करा. नुसत्या व्हिडिओच्या फाइली उचलून बाकीचे फोल्डर ‘कचरा’ म्हणून सोडून देणं ही हमखास होणारी चूक. त्या फोल्डरांत क्लिपची माहिती असते. लांब शॉट दोन फाइलींत तुटला असेल तर तो कुठे जोडायचा हेही काही कॅमेरे तिथेच लिहून ठेवतात.

२. एक क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडून फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), रिझोल्यूशन, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) आणि आवाजाचा सॅम्पल रेट बघा. आवाज ४८ किलोहर्ट्झ असायला हवा. प्रोजेक्ट त्यानंतर बनवा. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये क्लिप आली की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, म्हणून हा क्रम मोडायचा नाही.

३. प्रॉक्सी बनवताना मूळ फाइलचं नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची खूण) तसाच ठेवा. कॅमेऱ्याच्या फाइलीला बाहेरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जाऊन, नवं नाव कधीच द्यायचं नाही. शेवटी डीआयला मूळ फुटेज परत जोडलं जातं ते नाव आणि टाइमकोड यांच्याच आधारावर. नाव बदललं की सगळा कट ‘मीडिया ऑफलाइन’च्या लाल पडद्यावर येतो. सीन-शॉट-टेकची नावं सॉफ्टवेअरच्या आत, क्लिपला द्या.

४. सिंक टाइमकोडने होत असेल तर उत्तम, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको. पाटीच्या (क्लॅपबोर्डच्या) दोन पट्ट्या जिथे मिटतात ती फ्रेम आणि वेव्हफॉर्ममधला (आवाजाच्या आलेखातला) टोक असलेला आवाज जुळतोय का ते प्रत्येक टेकला बघा. नंतर टेकच्या शेवटी ओठही तपासा. सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी सरकला असेल तर बहुधा फ्रेम रेटची गडबड आहे. एखाद्या टेकच्या सुरुवातीला पाटीच सापडत नसेल तर शेवटी बघा. घाईत एंड क्लॅप देतात आणि तेव्हा पाटी उलटी धरतात.

५. लॉगशीटवरून ओके आणि एनजी (‘नो गुड’, म्हणजे फसलेला) खूण करा. एनजी टेक काढून टाकायचा नाही. संवाद फसलेल्या टेकमधली एखादी नजर एडिटरला हवी असू शकते.

६. लाइन-अप पटकथेच्या क्रमाने लावा. बर्न-इन टाइमकोड (चित्रावरच उमटवलेला) आणि क्लिपचं नाव घालून एक्सपोर्ट करा आणि ती फाइल शेवटपर्यंत बघा. नुसती उघडून बंद करू नका.

या फुटेजमध्ये मुद्दाम खोड्या घातलेल्या असू शकतात. एका टेकची साउंडची फाइल नसते, पाटीवर टेक ३ आणि लॉगमध्ये टेक ४ असतं, एखादी क्लिप वेगळ्या फ्रेम रेटची असते. शांतपणे जुळवून घेण्यासाठी त्या नसतात, तुम्ही कळवता का हे बघण्यासाठी असतात. म्हणून शेवटी पाच-सहा ओळींची नोंद द्या: ‘सीन १२, शॉट ३, टेक २: साउंड फोल्डरमध्ये फाइल मिळाली नाही, कॅमेऱ्याचा स्क्रॅच आवाज ठेवला आहे.’ सगळं सिंक केलेल्या पण नोंद न देणाऱ्यापेक्षा, दोन टेक राहून गेले तरी नोंद देणारा निवडला जाऊ शकतो.

तोंडी तांत्रिक प्रश्न कोणते येतात?

व्याख्या क्वचित विचारतात, प्रसंग देतात. नेहमीचे चार असे.

*‘२३.९७६चं फुटेज २४च्या प्रोजेक्टमध्ये आलं तर?’* फरक ०.१ टक्क्याचा आहे, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. लहान शॉटमध्ये जाणवत नाही, लांब मुलाखतीत किंवा नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्पष्ट सरकतो. आपल्याकडे सिनेमा साधारणतः २४ आणि टीव्ही २५ फ्रेमवर चालतो. तरी अंदाज न करता पोस्ट सुपरवायझरला विचारायचं, हेही उत्तरात सांगा.

*‘मोबाइलवरचं फुटेज सरकतंय, का?’* मोबाइल बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने शूट करतो, उजेड आणि प्रोसेसरचा भार यांप्रमाणे फ्रेम कमी-जास्त होतात. एडिटमध्ये घेण्याआधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायचं.

*‘वीस तासांचं फुटेज आहे, किती जागा लागेल?’* या प्रश्नाला गप्प बसणारे खूप. हिशोब सोपा आहे: मेगाबिटला ८ने भागलं की मेगाबाइट. कॅमेरा ४०० मेगाबिटवर शूट करत असेल तर सेकंदाला ५० एमबी, तासाला १८० जीबी, वीस तासांना ३.६ टीबी. १०८० रिझोल्यूशन, २५ फ्रेमच्या प्रोरेस प्रॉक्सी तासाला साधारण १७ जीबी घेतात, म्हणजे ३४० जीबी. मूळ फुटेजच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ड्राइव्हवर, तिसरी दुसऱ्या जागी. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३च दिसते हेही लक्षात असू द्या. आपलं ३.६ टीबी तिथे ३.२७ दिसतं, म्हणजे मावतं, पण फारशी जागा उरत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कॉपीला किती वेळ?’ साध्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला १३० एमबी धरले तर पावणेआठ तास. म्हणजे रात्री आलेला ड्राइव्ह सकाळच्या आत उतरतो, पण कॉपी लगेच लावली तरच.

*‘साउंडला काय पाठवशील?’* एएएफ, आणि त्यात क्लिपच्या दोन्ही बाजूंना हँडल (कटच्या पलीकडचा जादा आवाज). हँडल किती सेकंदांचे ते साउंडवाल्यांनाच विचारायचं. सोबत त्याच टाइमकोडचा गाइड व्हिडिओ. संवाद, इफेक्ट आणि तात्पुरतं संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर. पिक्चर १ तासावर सुरू होत असेल तर ००:५९:५८:०० वर टू-पॉप: एकाच फ्रेमचा, १ किलोहर्ट्झचा ‘बीप’. म्हणजे पिक्चरच्या दोन सेकंद आधी: २४ फ्रेमला ४८ फ्रेम, २५ला ५०. हा बीप नसला की मिक्सिंगला पिक्चर आणि आवाज जुळल्याची झटपट खात्री करता येत नाही.

येत नसलेला प्रश्न आला तर?

‘हे केलेलं नाही. माझ्या अंदाजाने असं करेन, पण आधी विचारून घेईन.’ एवढं पुरे. थापा ओळखायला समोरच्याला एक उपप्रश्न लागतो.

शोरील (कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) केवढी असावी? लग्नाचे व्हिडिओ टाकू का?

नाशिकच्या कामासाठी टाका. चार-पाच मिनिटांचं एक पूर्ण हायलाइट, एक उभं रील आणि एखादी बोलणारी मुलाखत. फिल्मसाठी जात असाल तर संगीतावर कापलेल्या दीड मिनिटाच्या मॉन्टाजचा उपयोग कमी. त्यातून ताल कळतो, समज कळत नाही. त्यापेक्षा दोन माणसांच्या संवादाचा दोन-तीन मिनिटांचा एकच सीन द्या. बोलणाऱ्यावर राहायचं की ऐकणाऱ्यावर, हा निर्णय त्यातच दिसतो. असा सीन नसेल तर नाटकात काम करणाऱ्या दोन मित्रांना घेऊन घरात शूट करा. नाशिकला एकांकिका करणाऱ्या मुलांची कमी नाही.

प्रदर्शित न झालेल्या कामाचा एकही शॉट रीलमध्ये नको. ‘खासगी लिंक आहे’ हे कारण चालत नाही. समोरचा विचार करतो, उद्या आमचंही हा असंच दाखवेल.

आणि ड्राइव्हची लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक दुसऱ्यांदा कुणी उघडत नाही.

‘आवडता एडिटर कोण’ किंवा ‘आमची फिल्म कशी वाटली’ विचारलं तर?

नावांची यादी नको. एक सीन निवडा आणि त्यातल्या एका कटबद्दल बोला: कट कुठे आहे, आधीच्या शॉटमधली कोणती हालचाल पूर्ण होऊ दिलेली नाही, आवाज पिक्चरच्या आधी आला की नंतर, आणि त्याने काय साधलं. तो सीन आदल्या दिवशी आवाज बंद करून एकदा आणि चालू करून एकदा बघा.

त्यांच्या फिल्मबद्दल विचारलं तर मुलाखतीला जाण्याआधी ती बघितलेली असली पाहिजे, बाकी काही नाही. खोटी स्तुती नको आणि ‘सेकंड हाफ लांबला’ हेही नको. तो का लांबला ते त्या खोलीतल्या लोकांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

जाता जाता: दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मी फाळक्यांच्या जिल्ह्यातला’ ही सुरुवात टाळलेली बरी.

डिग्री लागते का?

असिस्टंटच्या कामाला सहसा विचारत नाहीत. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंगचं शिक्षण मिळतं, तिथून आलेल्यांना ओळखी आणि शिस्त दोन्ही मिळालेली असते. ते नसेल तर लग्नाच्या दोन सीझनचा अनुभव ‘डेटा हाताळणी’ म्हणून सांगा: किती कॅमेरे, किती कार्ड, बॅकअप कसा ठेवलात. तो अनुभव सांगायला लाजायचं कारण नाही, पण ‘सिनेमॅटिक’ हा शब्द जपून वापरा.

मेसेज कसा पाठवायचा?

लहान. असा चालेल:

‘नमस्कार सर, मी नाशिकहून. दोन वर्षं लग्न आणि जाहिरातींचं एडिटिंग, प्रीमियर आणि रिझॉल्व्ह. अ‍ॅव्हिडची प्राथमिक ओळख. असिस्टंट एडिटरचं काम शोधतोय, १५ तारखेपासून मुंबईत राहू शकतो. एका सीनची लिंक सोबत आहे.’

खाली नाव. ‘हाय सर, एनी वर्क?’ या मेसेजला उत्तर येत नाही. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग थांबा. दोन-तीन महिन्यांनी नवं काम दाखवण्यासारखं झालं की पुन्हा लिहा. असिस्टंट लागतो तो शूट सुरू होण्याच्या सुमारास आणि तोही अचानक, त्यामुळे नकार न आलेला मेसेज वाया गेला असं नाही.

मुंबईच्या मुलाखतीला नाशिकहून कसं जायचं?

पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या आसपास नाशिकरोड सोडते. अंधेरी, वर्सोवा किंवा ओशिवऱ्याला जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडा. अकराची वेळ दिली तर धावपळ होते, कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबली तर चुकतेच. ‘नाशिकहून येतोय, साडेबारा-एक चालेल का?’ असं सरळ विचारा, कुणी वाईट मानत नाही. टेस्ट असण्याची शक्यता असेल तर परतीची पंचवटी गृहीत धरू नका, रात्रीची सोय करून जा.

सोबत स्वतःचे हेडफोन, रिकामा एसएसडी आणि वही-पेन. ड्राइव्हवर आधीच्या कुणाचं फुटेज शिल्लक नसावं.

‘मुंबईला केव्हा शिफ्ट होणार?’ याला काय सांगू?

तारीख सांगा. ‘काम मिळालं की बघतो’ याचा अर्थ समोरचा ‘नाही’ असाच घेतो. नाशिकहून रोज ये-जा करीन असं तर अजिबात सांगू नका, एडिटच्या रात्री गाडीच्या वेळा बघून संपत नाहीत.

नाशिकमध्ये राहून प्रॉक्सीवर काम करता येतं, पण ते ओळख झाल्यावर. शिवाय हिशोब बघा: ३४० जीबी प्रॉक्सी १०० मेगाबिटच्या लाइनवर उतरायला पूर्ण वेग मिळाला तरी साडेसात तास लागतात. एवढ्यात वीज गेली आणि घरी यूपीएस नसेल तर संपलंच.

पैशाचं कधी आणि कसं विचारायचं?

त्यांनी काढलं नाही तर शेवटी तुम्ही काढा. महिन्यावर की संपूर्ण प्रोजेक्टवर? प्रोजेक्टवर असेल तर किती महिने धरले आहेत आणि काम लांबलं तर पुढे काय? पैसे कोणत्या तारखेला? रात्री उशीर झाला तर घरी जायची सोय? श्रेयनामावलीत नाव कसं येणार? ठरलेलं सगळं त्याच संध्याकाळी ‘आज बोलल्याप्रमाणे’ म्हणून मेसेजवर लिहून पाठवा. व्यावसायिक फी म्हणून पैसे मिळणार असतील तर ठराविक मर्यादेनंतर १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिलेला असेल तर तो तुमच्या नावावर जमा होतो आणि रिटर्न भरून हिशोबात धरता येतो. टीडीएस कापला म्हणतात पण पोर्टलवर दिसत नाही, असं झालं तर लगेच विचारा.

टेस्ट म्हणून फुकट किती काम करायचं?

एक सीन किंवा अर्धा दिवस, आणि शक्यतो त्यांच्याच जागेत, जुन्या फुटेजवर. ‘टेस्ट’ म्हणून आख्खं हायलाइट, चालू पार्टीचं फुटेज किंवा चॅनेलचा पुढचा एपिसोड दिला तर ते काम आहे, टेस्ट नाही. नाही म्हणायला जड जात असेल तर असं म्हणा: ‘पहिली तीस सेकंदं करून दाखवतो. आवडलं तर बाकीचं किती रुपयांत करायचं ते ठरवू.’ घरून करून दिलेल्या टेस्टवर बर्न-इन टाइमकोड ठेवा. प्रोजेक्ट फाइल काम पक्कं झाल्यावर.